हलक्या छपराची विद्या

दिल्लीसारख्या परमुलखात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना वर्षातून एकदा तरी एका छपराखाली आणतो तो गणेशोत्सव. भाद्रपदात येथील पावसाळा ओसरत आलेला असतो. परंतु जाता जाता एखादी सर अशी कोसळते की, साऱ्या वर्षाची थकबाकी एका तासात वसूल व्हावी. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील मंडपावर अशीच एक सर आली. मंडपाचे कापड सपाट ताणलेले होते. त्याच्या मध्यभागी थोडे पाणी साचले. त्या भाराने कापड झोळीसारखे खाली आले. झोळी झाली म्हणून पाणी अधिक साचले. आणि आरती चालू असतानाच एक बांबू मोडून ती सारी झोळी बायकामुलांच्या शेजारी रिकामी झाली. कोणास इजा झाली नाही, ही गजाननाची कृपा.

दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडून एक वृद्ध कारागीर आला. त्याने कापड पुन्हा सपाट ताणले नाही. देवापुढच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे त्याने उंच खांबांना बांधले व उरलेले दोन कोपरे खाली खुंट्यांपर्यंत ओढून घेतले. छताला घोड्याच्या खोगिरासारखा बाक आला. आम्ही कारण विचारताच तो म्हणाला, "बाबूजी, कपडा सीधा रहेगा तो पानी बैठेगा. टेढा रहेगा तो भागेगा." पुढे विसर्जनापर्यंत दोनदा पाऊस झाला, पण थेंबभर पाणी छतावर थांबले नाही.

त्या वाक्यात जी विद्या आहे तिचा अभ्यास जर्मनीतील एका विद्यापीठाच्या वास्तुकला विभागात पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला होता, हे आम्हांस पुढे वाचनातून कळले. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीतील सामान्य कारकून. वास्तुशास्त्रात आमचा काडीचाही अधिकार नाही. तथापि कमीत कमी खर्चात काम कसे उरकावे, याची टिपणे लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षे जातात, त्याला कमीत कमी साहित्यात छप्पर कसे उभारावे, या प्रश्नाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. त्या प्रयोगशाळेचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वास्तुकलेच्या विद्यालयात प्रयोगशाळा असावी, ही कल्पना आज नवी वाटत नाही. परंतु ती फार जुनीही नाही. युरोपातील विद्यालयांत दीर्घकाळपर्यंत विद्यार्थी आराखडे काढीत, जुन्या मंदिरांच्या व प्रासादांच्या स्तंभांची प्रमाणे गिरवीत, आणि गुरूच्या पसंतीस उतरलेले चित्र भिंतीवर लावीत. पोलाद किती ताण सोसते, काँक्रीट कोणत्या दाबाने फुटते, हे पाहणे अभियंत्यांचे काम समजले जाई. स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयात साहित्याची कसोटी घेणारी संस्था १८८४ पासून होती. पण वास्तुकलेचा विद्यार्थी तिच्या दारावरून पुढे जाई. आकार ठरवावा वास्तुशिल्प्याने आणि तो उभा राहील की नाही हे सांगावे अभियंत्याने, अशी ही वाटणी होती. तिच्यामुळे एक प्रश्न दोघांच्याही हद्दीबाहेर राहिला. आकार मुळात ठरवावाच का? तो साहित्यालाच विचारता येणार नाही काय?

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारला त्याचे नाव फ्राय ओटो. त्याचा जन्म १९२५ चा. 'फ्राय' या जर्मन शब्दाचा अर्थ 'मुक्त'. वडील शिल्पकार होते. लहानपणी हा मुलगा शिडाच्या विमानांच्या नादी लागला. हलक्या लाकडी सांगाड्यावर ताणलेला पातळ पापुद्रा वाऱ्याचा केवढा मारा सहन करतो, हे त्याने शाळकरी वयात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. तो वयात येईपर्यंत देशावर हिटलरची सत्ता बळकट झाली होती. त्या सत्तेला दगडाच्या अवजड, माणसाला खुजे करून टाकणाऱ्या इमारतींचा सोस होता. आपली वास्तू हजार वर्षे टिकावी, अशी तिची घमेंड होती. तिने पेटविलेल्या युद्धात ओटोला वैमानिक म्हणून जावे लागले. १९४५ मध्ये तो पकडला गेला व फ्रान्समधील शार्त्रच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याची दोन वर्षे गेली. तेथे त्याच्याकडे छावणीच्या वास्तुशिल्प्याचे काम आले. पोलाद नाही, सिमेंट नाही, लाकूडही पुरेसे नाही; आणि माणसांना निवारा तर हवा. काटकसरीचे जे शास्त्र पुढे त्याने विद्यापीठात उभारले, त्याचा पहिला पाठ असा तुरुंगवासात झाला. हजार वर्षांच्या दगडी स्वप्नांची राख झालेली पाहून परत आलेल्या त्या तरुणाने हलके, थोड्या साहित्याचे, प्रसंगी उचलून नेता येईल असे बांधावयाचे ठरविले, यात नवल नाही.

युद्धानंतर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकत असता तो अमेरिकेस गेला. १९५०-५१ च्या त्या प्रवासात न्यूयॉर्कमध्ये फ्रेड सेव्हेरूड या अभियंत्याच्या कचेरीत त्याने एका सभागृहाचे आराखडे पाहिले. नॉर्थ कॅरोलायनातील राली या गावी व्हावयाच्या या सभागृहाचे छप्पर तुळयांवर ठेवलेले नव्हते. दोन तिरप्या कमानींच्या दरम्यान पोलादी दोरांचे जाळे टांगून ते केलेले होते, आणि त्याचा आकार खोगिरासारखा होता. या कल्पनेचा जनक मॅथ्यू नोविकी हा पोलिश वास्तुशिल्पी. त्याची कथा आपल्या देशाशी येऊन भिडते. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी नवी राजधानी वसवावयाची होती. त्या चंडीगडच्या पहिल्या आराखड्यावर अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर नोविकी काम करीत होता. ते काम आटोपून भारतातून परतत असताना ३१ ऑगस्ट १९५० रोजी इजिप्तमध्ये विमान कोसळून तो मरण पावला. वय अवघे चाळीस. त्याच्या मृत्यूने चंडीगडचे काम पुढे ल कॉर्ब्युझिएकडे जाण्याची वाट मोकळी झाली, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच्या मागे राहिलेल्या आराखड्यांनी एका जर्मन विद्यार्थ्याला आयुष्याचे काम मिळवून दिले, हे फारसे सांगितले जात नाही. रालीचे सभागृह १९५२ मध्ये पुरे झाले. ओटोने टांगलेल्या छपरांवर प्रबंध लिहिला व तो १९५४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

प्रबंध झाला, पण कापड शिवणार कोण? येथे या इतिहासात एक असामी येते, ती म्हणजे पेटर श्ट्रोमायर. कोन्स्टान्स या सरोवरकाठच्या गावी त्याचा तंबूंचा पिढीजात कारखाना होता. कापडाचा उभा धागा किती ताणतो, आडवा किती. शिवण कोठून घ्यावी, कडेला दोर कसा ओवावा, ही विद्या त्याच्या कारखान्यातील माणसांच्या बोटांत होती. १९५५ मध्ये कासेल येथील उद्यान-प्रदर्शनात ओटो व श्ट्रोमायर यांनी वादकांच्या बसण्यासाठी एक छत उभारले. चार कोपरे, दोन उंच, दोन खाली; मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे सुती कापड. आमच्या मंडपातील कारागिराने जे केले तेच हे. अशा आकारात कापडाचे धागे एका दिशेने खालच्या अंगाला वाकतात व दुसऱ्या दिशेने वरच्या अंगाला. पावसाचा अथवा बर्फाचा भार आला की पहिले धागे तो उचलून धरतात. वाऱ्याने कापड वर उचलले की दुसरे ते खाली ओढून ठेवतात. दोन्ही धागे आधीच एकमेकांविरुद्ध ताणलेले असल्यामुळे कापड फडफडत नाही. सपाट कापडाला हा दुहेरी बाक नसतो, म्हणून ते पाण्यापुढे आणि वाऱ्यापुढे सारखेच हतबल होते.

१९६४ मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक महाविद्यालयाने ओटोला बोलावून घेतले व त्याच्यासाठी 'हलक्या पृष्ठरचनांची संस्था' स्थापन केली. या निमंत्रणामागे फ्रिट्झ लेओनहार्ट हे नामवंत अभियंते होते. स्टुटगार्टचा काँक्रीटचा दूरदर्शन-मनोरा त्यांचाच. विद्यापीठाच्या नेहमीच्या चाकोरीत हलके छप्पर हा विषय कोठेच बसत नव्हता. तो धड इतिहास नव्हता, धड बांधकाम नव्हते, धड गणितही नव्हते. ज्या विषयाला खाते नाही त्याची फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, हा आमचा रोजचा अनुभव. स्टुटगार्टकरांनी त्या विषयासाठी नवे खातेच उघडले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

संस्थेला घरही मोठे मौजेचे मिळाले. १९६७ च्या माँट्रियल येथील जागतिक प्रदर्शनात जर्मनीचे दालन उभारण्याचे काम रोल्फ गुटब्रोड व ओटो यांच्याकडे आले होते. उंचसखल खांबांवरून पोलादी दोरांचे जाळे सोडावयाचे व त्याच्या खाली कापड टांगावयाचे, अशी योजना होती. एवढे मोठे जाळे पूर्वी कोणी उभारलेले नव्हते. म्हणून त्याचा एक तुकडा आधी स्टुटगार्टजवळील फायहिंगेन येथे उभारून पाहण्यात आला. १७ मीटर उंचीचा एकच खांब आणि त्यावरून उतरणारे जाळे. कसोटी पुरी झाल्यावर हा तुकडा भंगारात निघाला असता. परंतु १९६८ मध्ये तो थोडा हलवून, वर लाकडी फळ्या व कौलांचे आवरण घालून, संस्थेची कायमची इमारत म्हणून वापरात आला. आपल्याच प्रयोगाच्या छपराखाली बसून पुढचे प्रयोग करणारी अशी प्रयोगशाळा क्वचितच सापडेल.

आत चाले ते काम पाहणाऱ्याला पोरखेळ वाटावा असे होते. साबणाचे पाणी, तारांच्या चौकटी, रेशमाचे धागे, साखळ्या, लोकरीचे दोरे, वाळू. यांतील साबणाचा प्रयोग वाचकांना घरीही करता येईल. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढली की तिच्यात एक पातळ पडदा धरतो. चौकट कशीही वाकवा. पडदा आपण होऊन त्या कडांमध्ये बसणारा लहानात लहान पृष्ठभाग घेतो आणि त्याच्या प्रत्येक बिंदूवर सर्व दिशांनी ताण सारखा असतो. छपराच्या कापडालाही नेमके हेच हवे असते. कोठे कमी ताण तर सुरकुती, कोठे अधिक तर चीर. साबणाच्या पडद्यांचा शास्त्रीय अभ्यास बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी एकोणिसाव्या शतकातच केला होता. ते स्वतः दृष्टी गमावून बसले होते; प्रयोग दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ पुरा केला. पण त्या पडद्यावरून छप्पर बेतण्याचे काम स्टुटगार्टने केले.

पडदा क्षणात फुटतो, ही अडचण. त्यासाठी दमट हवेची पेटी करण्यात आली, म्हणजे तो काही मिनिटे टिकावा. आणि समांतर किरणांचा दिवा लावून त्याची सावली काचेवर घेण्यात येई, म्हणजे छायाचित्रावरून मापे काढता यावीत. याच खेळातून एक मोलाची गोष्ट हाती आली. साबणाचा पडदा एका टोकाने वर उचलता येत नाही; टोकाशी तो फाटतो. म्हणजे खांबाच्या टोकावर कापड नुसते टेकविणे धोक्याचे. पण पडद्यात दोऱ्याचा एक फास ठेवून आतला भाग सुईने फोडला, तर तो वेडावाकडा दोरा क्षणार्धात सुरेख वर्तुळ होतो. आणि तो फास धरून पडदा वर उचलला तर तो फुटत नाही. माँट्रियलच्या व फायहिंगेनच्या छपरांत खांबाजवळ डोळ्याच्या आकाराचे जे झरोके आहेत, ते या फासाचेच मोठे रूप होय.

हळूहळू संशोधनाची क्षेत्रे फुटत गेली. जाळी, हवेने फुगविलेली छपरे, फांद्या फुटणारे खांब, उघडमीट करणारी छते, अशा एकेका विषयावर संस्थेने पुस्तिका काढल्या. त्यांची मालिका चाळीसच्या घरात गेली. त्यांत फसलेले प्रयोगही छापलेले असत. उघडमीट करणाऱ्या छताचा एक नमुना १९६८ मध्ये बाड हेर्सफेल्ड येथे एका भग्न मठावर बसला. तेथे उघड्यावर नाटके होतात. आभाळ निरभ्र असताना छत गोळा होऊन बाजूस राहते व पाऊस येताच पसरते. जीवशास्त्रज्ञांशीही ओटोचा जुना स्नेह होता. बर्लिनमध्ये असतानाच, १९६१ पासून, योहान-गेरहार्ड हेल्मके या प्राध्यापकांच्या सहवासात तो सूक्ष्म शैवालांची कवचे पाहू लागला होता. निसर्गाची नक्कल करावी, असे त्याचे म्हणणे नव्हते. शैवालाचे कवच व साबणाचा फेस एकाच नियमाने आकार घेत असतील तर तो नियम शोधावा, एवढेच त्याला हवे होते. १९८४ पासून अकरा वर्षे स्टुटगार्ट व ट्यूबिंगेन येथील वास्तुशिल्पी, अभियंते, जीवशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ मिळून 'नैसर्गिक रचना' या विषयावर संशोधन करीत होते, त्याचे बीज या स्नेहात आहे.

प्रयोगशाळेची खरी परीक्षा म्युनिकला झाली. १९७२ चे ऑलिंपिक सामने तेथे व्हावयाचे होते. १९३६ च्या बर्लिनमधील सामन्यांचे दगडी, लष्करी स्वरूप जगाच्या आठवणीत होते. ते पुसून मोकळेपणाचे दर्शन घडवावे, ही जर्मनांची इच्छा. ग्युंटर बेहनिश व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आराखड्यात माँट्रियलसारखेच, पण त्याहून कितीतरी मोठे, पारदर्शक छप्पर होते. ते सुमारे ७५,००० चौरस मीटर जागा झाकणार होते. ते उभे कसे राहावे, हे ठरविण्यासाठी ओटोला पाचारण झाले. संस्थेत १:१२५ प्रमाणात तारेच्या नाजूक प्रतिकृती तयार झाल्या. त्यांची छायाचित्रे घेऊन प्रत्येक दोराची लांबी काढावयाची, असा बेत होता.

येथे अडचण उभी राहिली. प्रतिकृतीवर एका मिलिमीटरची चूक झाली, तर प्रत्यक्षात ती साडेबारा सेंटिमीटरची होते. ७५ सेंटिमीटर घराच्या जाळ्यात एवढी चूक कशी चालावी? दोर ठरल्याहून लांब झाला तर तो सैल, म्हणजे निरुपयोगी. आखूड झाला तर सारा भार त्याच्यावर. साबणाच्या पडद्याने सांगितलेला आकार खरा होता. पण तो मोजावयाचा हात पुरेसा सूक्ष्म नव्हता. अखेर त्याच विद्यापीठातील दोन विद्वान पुढे आले. क्लाउस लिंकविट्झ हे भूमापनाचे प्राध्यापक आणि जॉन आर्गिरिस हे विमानरचनेचे. त्यांनी जाळ्याचा समतोल समीकरणांत मांडून संगणकाकडून दोरांच्या लांब्या काढविल्या. लिंकविट्झ यांच्या त्या कामातून बलघनतेची जी रीत निघाली तिचा उपयोग ताणलेल्या छपरांच्या गणितात जगभर होऊ लागला. छप्पर वेळेवर पुरे झाले. सामन्यांच्या दुसऱ्या आठवड्यात अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षकांची हत्या झाली आणि मोकळेपणाच्या त्या उत्सवावर काळी छाया पडली. पण ते छप्पर आजही उभे आहे.

या घटनेचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. म्युनिकला ओटोची प्रयोगशाळा जिंकली की हरली? तिने दाखविलेला आकार उभा राहिला, हा विजय. परंतु त्याच कामात तिच्या तारा आणि धागे मागे पडले व संगणक पुढे झाला. शिवाय खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पटींनी वाढला. खांब व पाया इतके जड झाले की हलकेपणाची प्रतिज्ञा जमिनीखाली गाडली गेली, असे कोणी म्हटल्यास त्याचा प्रतिवाद करणे कठीण आहे. कमी साहित्यात माणसांना निवारा द्यावा म्हणून निघालेली विद्या श्रीमंत राष्ट्राच्या उत्सवाच्या कामी आली. आमच्या मते प्रयोगशाळेचे यश एवढेच की, आपल्या रीतीची उणीव तिने स्वतःच उघड होऊ दिली आणि ती भरून काढणारी माणसे शेजारच्या दालनात तयार होती. विद्यापीठाबाहेर हे सहसा घडले नसते.

म्युनिकनंतर तीन वर्षांनी मानहाइम येथे जे घडले, ते ओटोच्या मूळ स्वभावाशी अधिक जुळणारे होते. १९७५ च्या उद्यान-प्रदर्शनासाठी कार्लफ्रीड मुचलर व योआखिम लांगनर या वास्तुशिल्प्यांना एक सभागृह हवे होते. ओटोने साखळ्यांचे जाळे उलटे टांगून त्याचा आकार शोधला. यामागील तत्त्व इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी सतराव्या शतकात सांगितलेले आहे : टांगलेल्या साखळीत केवळ ताण असतो, तिचा आकार उलटा करून घट्ट केला की त्या कमानीत केवळ दाब राहतो. स्पेनच्या गाउदी यांनीही असे दोर टांगून प्रार्थनामंदिर बेतले होते. मानहाइमला पाच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांची जाळी जमिनीवर सपाट जोडून मग वर उचलण्यात आली; तिने ६० मीटरपर्यंतचे अंतर झाकले. एवढ्या बारीक पट्ट्यांवर अधिकाऱ्यांचा विश्वास कसा बसावा? टेड हॅपोल्ड यांच्या चमूतील अभियंत्यांनी कचऱ्याची पिंपे आणवली, त्यांत पाणी भरले, ती छपराला टांगली आणि छप्पर किती वाकते ते मोजले. ते हिशेबाप्रमाणेच वाकले. एका हंगामापुरते बांधलेले ते सभागृह पुढे तसेच ठेवण्यात आले व १९९८ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

ओटोच्या निवृत्तीनंतर व्हेर्नर झोबेक यांच्याकडे संस्थेची सूत्रे आली आणि पुढे ती बांधकामाच्या दुसऱ्या एका संस्थेत मिसळून गेली. २००८ मध्ये त्याच विद्यापीठात आखिम मेंगेस यांच्या नेतृत्वाखाली संगणकीय रचनेची नवी संस्था निघाली. तिचे यंत्रमानव शेवंड्याच्या कवचावरून अथवा पाणकोळ्याच्या जाळ्यावरून बोध घेऊन कर्बतंतूंची दालने विणतात. साधने बदलली, पण साहित्याला आधी प्रश्न विचारावयाचा, ही वहिवाट चालू राहिली. ओटोचे सहकारी बोडो राश यांनी मदिनेत पैगंबरांच्या मशिदीभोवती उभारलेल्या सुमारे २५० उघडमिटीच्या छत्र्या यात्रेकरूंना उन्हात सावली देतात. स्टुटगार्टच्या नव्या भूमिगत रेल्वेस्थानकाच्या स्पर्धेत ओटोच्या सहकार्याने केलेला आराखडा १९९७ मध्ये निवडला गेला. पुढे तो त्या कामातून बाहेर पडला आणि २०१० मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, जमिनीच्या धोक्याकडे बोट दाखवून काम थांबवा असे त्याने जाहीरपणे सांगितले. त्याचे म्हणणे मानले गेले नाही. आपलेच नाव असलेल्या कामाविरुद्ध असे उभे राहणे किती अवघड असते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसास सांगावयास नको.

९ मार्च २०१५ रोजी ओटोचे निधन झाले. वास्तुकलेतील सर्वोच्च समजले जाणारे प्रित्झकर पारितोषिक त्याला मिळाल्याची घोषणा दुसऱ्या दिवशी झाली. निर्णय त्याला आधी कळविलेला होता, एवढे समाधान.

हा सारा इतिहास सांगून आम्ही पुन्हा आमच्या मंडपाकडे येतो. श्ट्रोमायरच्या कारखान्यातील शिलाईकामगारांना जे ठाऊक होते तेच आमच्याकडील त्या वृद्ध कारागिरालाही ठाऊक होते. भेद एवढाच की, कोन्स्टान्सच्या विद्येला विद्यापीठाने आपल्या ओसरीवर बसवून घेतले, तिला मोजले, तपासले, चुकांसह छापले. म्हणून ती कोणालाही शिकता आली. आमच्या कारागिराची विद्या त्याच्या बोटांत आहे आणि त्याचा मुलगा आता मोटार चालवितो. शामियाने, राहुट्या, डेरे यांची केवढी परंपरा आपल्या देशाने सांभाळली! आपल्या विद्यापीठांत आज वास्तुकलेची विद्यालये पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखाद्याने अशा कारागिरांना बोलावून, त्यांच्या गाठी व त्यांचे बाक तारेवर आणि साबणावर तपासून पाहिले, तर त्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही.

गेल्या गणेशोत्सवात मुलांच्या कार्यक्रमात आम्ही तारेची चौकट व साबणाचे पाणी घेऊन दोऱ्याचा तो प्रयोग केला. दोरा गोल होताच मुलांनी टाळ्या वाजविल्या. कारागीर मंडपाची दोरी आवळीत शेजारीच उभा होता. त्याने चौकट मागून घेतली, स्वतः पाण्यात बुडवली, तिचे दोन कोपरे हळूच वर वाकविले आणि पडद्याला आलेला बाक पाहून वर छताकडे नजर टाकली. पुढच्या वर्षी त्याच्याकडून त्याच्या गाठींची नावे लिहून घ्यावयाची, असे आम्ही ठरविले आहे. वही घेऊन ठेवली आहे.